माप बदलतं राहिलं, तर नवरीचा ब्लाउज कसा शिवायचा?

लग्नाच्या खरेदीत सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा जातो साडीवर, आणि ऐन वेळी दगा देतो तो ब्लाउज. साडीला ना काप ना शिवण. अंगावर चार किलो चढले तर एखादी निरी कमी येईल, उतरले तर एखादी जास्त. पाचवारी असो की नऊवारी, पाहणाऱ्याला फरक कळत नाही. ब्लाउज मात्र अर्ध्या इंचावर अडून बसतो. वजन स्थिर असलेल्या मुलीचा हा अर्धा इंच शेवटच्या फिटिंगला निघून जातो. पण आजारामुळे किंवा औषधामुळे जिचं वजन दर महिन्याला, कधी दर आठवड्याला बदलतं, तिने नेमकं कोणत्या दिवशीचं माप द्यायचं?

अशा मुली कमी नाहीत. ल्युपस या स्वयंप्रतिकार आजाराच्या दर दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया असतात आणि आजार बहुतेकदा पंधरा ते पंचेचाळीस या वयात डोकं वर काढतो. थायरॉइडचे विकारही पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी जास्त. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे आतड्यांचे आजार अनेकांना ऐन विशी-तिशीत गाठतात. म्हणजे लग्नाचं वय आणि या आजारांचं वय एकच. गायिका सेलेना गोमेझला ल्युपस आहे आणि २०१७ मध्ये तिचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालं. फेब्रुवारी २०२३ मध्ये चाहत्यांशी बोलताना तिने स्वतःच सांगितलं होतं की औषधं चालू असली की अंगात पाणी साठतं आणि बंद झाली की वजन उतरतं. सप्टेंबर २०२५ मध्ये तिचं लग्न झालं. जगातले उत्तम शिंपी जिच्या दाराशी उभे राहतील, तिचीही अडचण मुळात हीच.

मुहूर्त पंचांग पाहून ठरतो, गोळीचा डोस डॉक्टर ठरवतात. या दोन्हींना हात लावता येत नाही. हात लावता येतो तो कापडाला. म्हणून कपडा असा निवडायचा आणि असा शिवायचा, की शरीर ज्या दिशेने बदलणार आहे त्या दिशेला त्यात आधीच जागा असेल. त्यासाठी आधी ती दिशा ओळखायला हवी.

वाढलं ते पाणी, की चरबी?

एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. एक किलो चरबी साठायला मात्र गरजेपेक्षा साधारण ७,७०० कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. तेव्हा दोन दिवसांत काटा दोन किलोंनी वर गेला, तर ते बहुतांशी पाणी असतं. हा फरक शिवणाऱ्याच्या कामाचा आहे. चरबी हळूहळू येते, हळूहळू जाते आणि दिवसभरात जागा बदलत नाही. पाणी झपाट्याने येतं, झपाट्याने उतरतं आणि सकाळ-संध्याकाळ फिरतं. सकाळी डोळ्यांभोवती दिसलेली सूज दिवसभर उभं राहिल्यावर घोट्यांत उतरलेली असते.

प्रत्येक आजाराची चालही वेगळी. थायरॉइड मंदावला की वजन वाढतं, पण सगळा दोष त्याच्या माथी मारता येत नाही. निव्वळ थायरॉइडमुळे होणारी वाढ बहुधा दोन ते साडेचार किलोंची असते आणि तीही मुख्यतः मीठ-पाणी धरून ठेवल्यामुळे. औषधाचा डोस बदलल्यावर टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी पुन्हा सहा ते आठ आठवड्यांनी करतात, म्हणजे शरीर स्थिरावायलाही तेवढा काळ द्यावा लागतो. महिनाभरापूर्वी डोस बदललेल्या मुलीचं माप आज पक्कं धरण्यात अर्थ नाही. थायरॉइड अतिसक्रिय असेल तर चाल उलटी. आजारात वजन उतरतं आणि उपचार लागू पडले की भरून येतं. क्षयरोगाचंही तसंच. साखरपुड्याला हडकुळी दिसलेली मुलगी सहा महिन्यांचे उपचार पुरे होईपर्यंत अंगाने भरते, आणि ती वाढ बरं होण्याची खूण असते. तिचा ब्लाउज आजच्या मापाचा शिवणं म्हणजे तिच्या बरं होण्यावरच अविश्वास दाखवणं.

स्टेरॉइडचा खेळ सगळ्यांत फसवा. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिलं. दोनच वर्षांनी त्यांना आणि आणखी दोन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. इतकं गुणी औषध, पण त्याचे दुष्परिणामही लवकरच ध्यानात आले. प्रेडनिसोलोनसारखी गोळी मोठ्या डोसमध्ये काही आठवडे चालली की भूक वाढते, पाणी साठतं आणि चरबी जागा बदलते. चेहरा गोल होतो. पोट, पाठीचा वरचा भाग आणि मानेच्या मागचा उंचवटा भरतो, पण हातपाय तसेच राहतात, उलट बारीक होतात. नेहमीच्या मापपट्टीचा हिशेब इथेच चुकतो. छातीच्या मापावरून दंडाचा अंदाज बांधणारा शिंपी धडाला घट्ट आणि बाहीला ढगळ ब्लाउज शिवून ठेवतो. डोस उतरला की चेहरा आणि धड मूळपदावर येतं, पण काही महिन्यांत, काही दिवसांत नाही.

आतड्यांच्या आजारात वजनापेक्षा पोटाचा घेर त्रास देतो. आजार भडकला असेल तर मुलगी रोडावते, पण जेवणानंतर तिचंच पोट फुगून कंबर दोन-तीन इंचांनी वाढते. त्यात उपचारासाठी स्टेरॉइड चालू असेल तर दोन्ही गोष्टी एकत्र येतात. मूत्रपिंडाच्या रुग्णांचं तर वेळापत्रकच असतं. दोन डायलिसिसच्या मधल्या काळात दोन-अडीच किलो पाणी सहज साठतं आणि डायलिसिस झाल्यावर उतरतं. अशा मुलीने माप देताना आणि लग्नाचा दिवस ठरवताना, तो दिवस डायलिसिसच्या कोणत्या बाजूला येतो हे पाहिलेलं बरं.

एक माप नको, दोन टोकं हवीत

लग्नाला तीन-चार महिने असतानाच एक वही ठेवावी. आठवड्यातून एकदा सकाळी उठल्यावर आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाच मापं लिहायची: छाती, छातीखालचा घेर, कंबर, दंड आणि मनगट. पाळीचे दिवस आणि औषधाचा बदललेला डोस यांचीही नोंद असू द्यावी. सहा-आठ नोंदी झाल्या की चित्र उघडं पडतं. कोणाची छाती ३४ ते ३६ च्या दरम्यान हलते, कंबर २८ ते ३२ च्या दरम्यान, आणि दंड जागचा हलत नाही. शिंप्याला याच दोन टोकांची गरज असते. सरासरी त्याच्या काहीच कामाची नाही.

आजाराचं नाव त्याला सांगायलाच हवं असंही नाही. “काका, माझं माप खाली-वर होतं, छातीला दोन इंच आणि कमरेला चार इंच. त्या हिशेबाने शिवा,” एवढं बोलणं पुरतं. “आधी वजन ठरवा, मग या” असं उत्तर देणाऱ्या शिंप्याकडून कापड परत घेतलेलं उत्तम.

माया कुठे आणि किती

ब्लाउजच्या शिवणीत आत दुमडून सोडलेलं जास्तीचं कापड म्हणजे माया. तिचं गणित सोपं आहे. दोन्ही बगलांखालच्या शिवणींत मिळून कापडाचे चार पदर येतात, दोन पुढचे आणि दोन मागचे. प्रत्येक पदरातून अर्धा इंच सोडला तर घेर दोन इंचांनी वाढतो, एक इंच सोडला तर चार इंचांनी. म्हणजे प्रत्येक पदराला दीड इंच माया ठेवली की चार इंच वाढायची सोय होते आणि वर शिवणीपुरतं कापडही उरतं.

पण बगलेखाली माया सोडून मुंढ्याला आणि बाहीला ती सोडायची राहिली, तर सगळं फुकट. बगल उसवली की मुंढाही मोठा होतो. त्यात बसायला बाहीही त्याच प्रमाणात सैल व्हायला हवी. त्यामुळे बाहीच्या आतल्या शिवणीत तेवढीच माया मागून घ्यावी. अस्तरालाही तीच. वरचं रेशीम सुटलं आणि आतलं अस्तर अडकलं, हा प्रकार दर लग्नसराईत कुठे ना कुठे घडतो.

दुसरी गोष्ट टाक्यांच्या खुणांची. सुती कापडातली शिवण उसवली की सुईची भोकं धुण्यात बुजतात. रेशीम, टिश्यू आणि भरजरी कापडात ती राहतात. म्हणून नवरीचा ब्लाउज मोठ्या टोकाच्या मापाचा पक्का शिवायचा आणि लग्नाच्या दोन दिवस आधी कच्च्या टाक्यांनी हवा तेवढा आत घ्यायचा. आत घेतलेलं दिसत नाही, सोडलेलं दिसतं.

कटाचा विचारही यातूनच होतो. कटोरी ब्लाउज छातीच्या ठरावीक गोलाईवर बेतलेला असतो, त्यामुळे माप बदललं की कटोरी चुकीच्या जागी बसते. प्रिन्सेस कटात पुढच्या भागाला खांद्याकडून किंवा मुंढ्याकडून खाली येणाऱ्या दोन लांब शिवणी असतात. त्यांतही माया ठेवली तर छाती आणि कंबर वेगवेगळ्या प्रमाणात सोडता येतात. धड वाढणाऱ्या स्टेरॉइडवाल्या मुलीला हा कट जास्त मानवतो. घट्ट बसवलेले पॅड टाळून, हवे तेव्हा काढता येतील असे कप घ्यावेत.

उघडण्याची बाजूही महत्त्वाची. चेन एकाच मापाला बसते. हुकांच्या दोन रांगा अर्ध्या-पाऊण इंचाच्या अंतरावर लावल्या की तेवढं माप जागच्या जागी बदलता येतं. सगळ्यात मोकळी सोय मागून दोरीने आवळायच्या ब्लाउजात आहे. दोन्ही कडांना फासे, त्यातून ओवलेली दोरी, आणि आत त्याच कापडाची रुंद पट्टी. पाठ झाकलेली राहते आणि तीन-चार इंचांचा फरक दोरीच सांभाळते. ही युक्ती परक्या फॅशनमधून उसनी आणलेली वाटेल, पण महाराष्ट्रातल्या जुन्या खणाच्या चोळीला हुक नव्हतेच. ती पुढून गाठ मारून बसवायची. अंग वाढलं की गाठ सैल, उतरलं की घट्ट. नऊवारीवर फुग्याच्या बाहीची, पुढे गाठीची चोळी शिवून घेतली तर जुनं रूपही साधतं आणि दंडाच्या मापाची चिंताही सुटते.

आरी किंवा जरदोजी भरतकाम करायचं असेल तर ते गळ्याला आणि बाहीच्या काठाला करावं. बगलेपर्यंत भरलेला ब्लाउज उसवता येत नाही आणि आत घेतला तर नक्षी मोडते.

या सगळ्याची रंगीत तालीम मांजरपाटाच्या कच्च्या ब्लाउजवर करावी. शे-दोनशे रुपयांचं कापड लागतं. तो घालून एकदा बऱ्या दिवशी, एकदा सुजलेल्या दिवशी, एकदा जेवणानंतर बसून पाहायचं. होमासमोर मांडी घालून बसल्यावर कुठे आवळतं, हे आरशापुढे उभं राहून कळत नाही.

कमरेखाली काय?

पाचवारीखालच्या परकराची बारीक नाडी फुगलेल्या पोटावर रुतते. तिच्या जागी चार बोटं रुंद पट्टा आणि बाजूला वेलक्रो लावून घेता येतं. नऊवारी नेसवायची की शिवलेली आणायची, याचं उत्तरही वजनावर आहे. नेसवलेली नऊवारी कोणत्याही मापाला बसते. शिवलेली घ्यायची तर कमरेला हुक नको, नाडी हवी. लग्न लागताना नेसायच्या पिवळ्या अष्टपुत्रीला आणि नंतरच्या शालूला दोन ब्लाउज एकदम न शिवता एकामागून एक शिवले की एकाची चूक दुसऱ्यात दुरुस्त होते. स्वागत समारंभाला घागरा हवा असेल तर कळ्यांचा आणि नाडीचा घ्यावा. अंगासरशी बसणारा, बाजूला चेन असलेला घागरा या मुलींसाठी नाही.

वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती वधूंचा प्रश्न जास्त अवघड, कारण पांढरा गाऊन सबंध शिवलेलाच असतो. तिथेही मागून दोरीने आवळायची पाठ मागावी आणि गाऊन मोठ्या टोकाच्या मापाचा घ्यावा. गाऊन आत घेणं सोपं, वाढवणं जवळपास अशक्य, कारण तयार गाऊनच्या शिवणीत माया फार थोडी असते. छातीखालून मोकळा सुटणारा आकार पोटाची फुगवट सामावून घेतो, मांड्यांपर्यंत चिकटून येणारा आकार ती उघडी करतो.

हात, मनगट, गळा

कपड्याइतकीच दागिन्यांची मापं बदलतात. काचेच्या बांगडीचं माप दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ असं सांगतात. त्यातली प्रत्येक पायरी म्हणजे व्यासात इंचाच्या आठव्या भागाचा फरक. हिरवा चुडा भरायला कासाराकडे जाताना मुलगी सकाळी गेली आणि तिचे हात संध्याकाळी सुजत असतील, तर तो चुडा दुसऱ्या दिवशी छळतो. एक माप मोठाच भरावा आणि पुढेमागे पेचाच्या पाटल्या घालून तो सावरावा. साखरपुड्याच्या अंगठीचं माप सुजलेल्या दिवशीचं द्यावं. सैल अंगठी आतून सावरता येते, घट्ट अंगठी सुजलेल्या बोटात अडकून बसते.

डायलिसिससाठी ज्या हातात धमनी आणि शीर जोडून फिस्टुला केलेला असतो त्या हातावर घट्ट बाही, वाकी, बाजूबंद, चुडा यांपैकी काहीही चालत नाही. तिथला रक्तप्रवाह अडला तर फिस्टुला बंद पडू शकतो. एका हातात चुडा आणि दुसऱ्या हातावर सैल, लांब बाही, हे आधीच ठरवून मोठ्यांच्या कानावर घालावं. लग्नमंडपात “दुसऱ्या हातात का नाही?” हा प्रश्न येणारच. स्टेरॉइडने त्वचा नाजूक झाली असेल तर घट्ट वाकीखाली निळे डाग उठतात, तिलाही वाकी नको. गळ्यासाठी मात्र ठुशी आणि चिंचपेटी हे जुने दागिने कामाला येतात. दोन्ही मागून दोऱ्याने बांधायचे असल्याने गळ्याचं माप बदललं तरी चालतात.

तारखांचा क्रम

साडी लवकर घ्यावी, तिला माप नाही. मांजरपाटाची तालीम दोन महिने आधी. ब्लाउज महिनाभर आधी मोठ्या टोकाच्या मापाचा. शेवटचं फिटिंग आठवडाभर आधी आणि कच्चे टाके दोन दिवस आधी.

या शेवटच्या आठवड्यातच केळवणांची रांग लागते. लोणचं, पापड, चटण्या, भजी यांचं मीठ दुसऱ्या दिवशी अंगावर पाणी होऊन दिसतं. मूत्रपिंडाच्या किंवा स्टेरॉइडवरच्या मुलीची केळवणं आधीच्या पंधरवड्यात उरकली तर शिंप्याचंही काम सोपं होतं.

आता जे अजिबात करायचं नाही, ते. लग्नात बारीक दिसावं म्हणून स्टेरॉइड एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. गोळी दीर्घकाळ चालू असताना शरीराची स्वतःची ग्रंथी झोपलेली असते आणि तिला जागं व्हायला डोस टप्प्याटप्प्याने उतरवावा लागतो. पाणी उतरवणाऱ्या गोळ्या मनाने घेतल्या तर पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. टाइप १ मधुमेहाच्या मुलीने इन्सुलिन चुकवलं की वजन खरंच उतरतं, पण ते रक्तात आम्ल साचत चालल्याचं लक्षण असतं आणि त्याचा शेवट अतिदक्षता विभागात होतो. आणि दोन-तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वजन वाढून धाप लागत असेल, तर आधी डॉक्टर, मग शिंपी.

“तब्येत सुधारली गं!” आणि “किती वाळलीस!” ही दोन्ही वाक्यं त्याच मुलीला एकाच महिन्यात ऐकावी लागतात. त्यांना उत्तर देत बसणं हे तिचं काम नाही. आई किंवा मावशीने आधीच चार घरांत सांगून ठेवलं, की वजनावर कोणी बोलायचं नाही, तर मंडपातली निम्मी कटकट संपते.

उरतं ते लग्नाच्या दिवसाचं. करवलीच्या पिशवीत सुई, साडीच्या रंगाचा दोरा, बारीक कात्री, जास्तीचे हुक, सेफ्टी पिना आणि वीतभर जास्तीची दोरी असावी. ब्लाउजचे कच्चे टाके कुठे आहेत आणि कोणता ओढला की किती सुटतो, हे शिंप्याने तिला फिटिंगच्या दिवशीच दाखवलेलं असावं, कारण मंगलाष्टकं आणि जेवणाची पंगत यांच्यामध्ये ते करायला पाचच मिनिटं मिळतात. पिशवीत पहिल्यांदा ठेवायचा मात्र औषधांचा डबा. हार-तुऱ्यांच्या गडबडीत नवरीची दुपारची गोळी चुकू नये म्हणून घड्याळाकडे कोणी लक्ष ठेवायचं, तेही आदल्या रात्रीच ठरलेलं असावं.